म्हाताऱ्या उंदराची धाप : छातीची की हृदयाची?

आमची चिंगी सव्वादोन वर्षांची आहे. पाळीव उंदराचं आयुष्य दोन ते तीन वर्षांचं, म्हणजे घरात सगळ्यांत म्हातारी तीच. मार्चमध्ये तिच्या कुशी भात्यासारख्या हलायला लागल्या. मी मनाशी ठरवूनच टाकलं की छातीचं जुनं दुखणं उसळलं, आणि मागच्या वेळी लागू पडलेलं अँटिबायोटिक पुन्हा सुरू केलं. दहा दिवस झाले तरी धाप तश्शीच. तपासणीत कळलं की या वेळी दुखणं हृदयाचं होतं. ते दहा दिवस मला अजून खुपतात. म्हणून ही दोन दुखणी शेजारी शेजारी मांडतेय.

छातीच्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जिवाणू. तो जवळपास प्रत्येक पाळीव उंदराला पिल्लूपणीच आईकडून मिळतो आणि जन्मभर अंगात राहतो. तरुणपणी शरीर त्याला दाबून ठेवतं. वय झालं, थंडी बाधली, पिंजऱ्यात लघवीचा उग्र दर्प साचला की तो डोकं वर काढतो. सुरुवात नाकापासून होते. शिंका, सूं-सूं, डोळ्यांच्या कडांना आणि नाकाला लाल डाग. हा लाल रंग बघून माणूस हादरतो, पण सहसा ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पाझरणारं पॉर्फिरिन नावाचं लाल द्रव्य असतं ते. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली रुमालावरचा हा डाग गुलाबी चमकतो, रक्त चमकत नाही. पॉर्फिरिन वाढलं म्हणजे उंदीर आजारी आहे किंवा ताणात आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग आवाज येतो. उंदीर फोनसारखा कानाला धरला की आत जुन्या बिजागरीसारखी किरकिर ऐकू येते.

या जिवाणूला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीचं कवचच नसतं. अमॉक्सिसिलिनसारखी औषधं नेमकी त्या भित्तिकेवर घाव घालतात, म्हणून इथे ती फुकट जातात. डॉक्सिसायक्लिन आणि एनरोफ्लॉक्सासिन ही जोडी डॉक्टर बऱ्याचदा वापरतात. डॉक्सिसायक्लिन दूध-दह्यातून देऊ नका, कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. चार-पाच दिवसांत फरक दिसायला हवा. आजार मात्र मुळापासून जात नाही, फक्त दबतो. प्रत्येक उसळीनंतर फुप्फुसाचा थोडा भाग कायमचा निकामी होऊ शकतो.

हृदयाचं दुखणं मुकाट येतं. शिंक नाही, डोळ्याला लालीही बऱ्याचदा नाही. चिंगी पिंजऱ्याच्या वरच्या मजल्यावर जाताना शिडीच्या मध्यावर थांबायची. मला वाटलं, वय झालं. मग ती आडवी झोपेना. झोळीच्या काठावर हनुवटी टेकून, मान वर ठेवून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. गुलाबी पंजे पिठासारखे पांढुरके पडले, शेपूट हाताला गार लागू लागलं, आणि पाठीची हाडं दिसत असताना पोट मात्र टम्म. थकलेल्या हृदयाला रक्त पुढे ढकलता येत नाही, ते मागे तुंबतं आणि पाणी फुप्फुसात किंवा पोटात झिरपतं. इथे लागतं फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध, आणि सोबत पिमोबेंडन किंवा एनालाप्रिलसारखं हृदयाचं औषध. धापेत असलेल्या एवढ्याशा जिवाला एक्स-रेसाठी दाबून धरणंही धोक्याचं असतं. म्हणून काही डॉक्टर आधी फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन देऊन बघतात. तास-दोन तासांत श्वास सैलावला, तर फुप्फुसात पाणी होतं असं समजायचं. चिंगीच्या बाबतीत तसंच झालं.

सगळ्यांत जपायचं ते सलाईनच्या वेळी. उंदीर मलूल झाला, खाईना, की कातडीखाली सलाईन देतात. छातीच्या दुखण्यात ते चांगलंच, अंगातलं पाणी भरून निघतं आणि चिकट कफ सुटायला मदत होते. पण हृदय थकलेल्या उंदराला तेच सलाईन बुडवू शकतं, कारण त्याच्या फुप्फुसात आधीच पाणी असतं. सुई टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘याचं हृदय बघितलंत का?’ एवढं विचारायला लाजू नका.

नुसत्या आवाजावर निकाल देता येत नाही. पाणी भरलेलं फुप्फुसही चुरचुरतं. शिवाय म्हातारपणी दोन्ही दुखणी एकत्र असू शकतात, वर्षानुवर्षं खराब झालेलं फुप्फुस हृदयाच्या उजव्या बाजूला दमवतं. मला उपयोगी पडली ती मोजणी. उंदीर गाढ झोपलेला असताना त्याच्या कुशीकडे बघायचं आणि प्रत्येक श्वासाला कागदावर पेनानं एक ठिपका द्यायचा, पंधरा सेकंद. ठिपके मोजून चारनं गुणायचं. मिनिटाला 70 ते 115 श्वास ठीक. आकडा रोज चढत असेल तर पंजे निळे पडायची वाट बघू नका. उंदीर नाकानंच श्वास घेतो. त्यानं तोंड उघडलं म्हणजे वेळ फारच थोडा उरलाय, तेव्हा लगेच ऑक्सिजन असलेल्या दवाखान्यात न्या.

आपल्या सोलापुरात दोन्ही दुखण्यांतल्या उंदरांचा शत्रू एकच, उन्हाळा. पारा 42-43च्या वर जातो आणि उंदराला घाम येत नाही, अंगातली बरीच उष्णता तो शेपटीवाटे बाहेर टाकतो. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. पाण्याची बाटली गोठवून कापडात गुंडाळून आत ठेवायची, चिंगी तिला पाठ लावून बसते. माझी आत्या पूर्व भागात राहते, घरातच यंत्रमाग. तिच्याकडे खिडकीच्या जाळीवरसुद्धा कापसाची रुई बसते. अशा खोलीत पिंजरा ठेवूच नये. अंथरायला टेरी टॉवेल देऊ नका, त्याच्या फासांत नखं अडकतात. जुन्या चादरीचा धुऊन मऊ झालेला तुकडा बरा, पण रोज बदलायचा, कारण लघवीतला अमोनिया श्वासनळीला जाळतो.

फ्युरोसेमाइड सुरू असल्यानं चिंगी पाणी खूप पिते. दोन बाटल्या लावल्यात, एकीच्या नळीतली गोळी अडकली तरी दुसरी असते. दर सोमवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते. आज पहाटे, कूलर लावायच्या आधी, कागदावर चोवीस ठिपके उमटले. काल सव्वीस होते.