काळ्या कातळाची साक्ष : खंडवहनाची पार्श्वभूमी

शाळेत खंडवहन, म्हणजे खंड एकेकाळी जोडलेले होते आणि सरकत दूर गेले ही कल्पना, शिकवताना सरांनी जुन्या नकाशातून दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका कापून आणायला सांगितलं होतं. ब्राझीलचा फुगवटा गिनीच्या आखातात बसवायचा, डिंक लावायचा, वहीत चिकटवायचं. शेजारी एक ओळ : ‘आल्फ्रेड वेगेनर, १९१२’. झाला धडा. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, ‘सर, भारत कुठं चिकटवायचा?’ ते परीक्षेला येत नाही, एवढंच उत्तर मिळालं. शाळेचं जोतं, अंबाबाईच्या देवळाचे खांब, पन्हाळ्याचा कडा, सगळं ज्या काळ्या दगडाचं आहे तो दगडच या खटल्यातला मोठा साक्षीदार आहे, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

किनारे एकमेकांत बसतात हे वेगेनरच्या आधीही लोकांना दिसलं होतं. नकाशे करणाऱ्या ऑर्टेलियसनं १५९६ मध्येच अमेरिका युरोप-आफ्रिकेपासून तुटल्याचं लिहून ठेवलंय. १८५८ मध्ये स्नायडर-पेलेग्रिनीनं खंड जोडलेले आणि तुटलेले असे दोन नकाशेही छापले, पण कारण म्हणून बायबलातला जलप्रलय पुढं केला, आणि विषय तिथंच राहिला.

खरे पुरावे गोळा होत होते ते आपल्याकडे. ओडिशात तालचेरला १८५६ मध्ये भूशास्त्रज्ञ ब्लँफर्ड बंधूंना हिमनदीनं वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा थर सापडला. आपल्या चंद्रपूरजवळ इरई इथं तर चुनखडकावर बर्फानं ओढलेले ओरखडे आहेत. चंद्रपूरचा उन्हाळा ज्यानं सोसलाय त्यानं हे वाक्य पुन्हा वाचावं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप कामठीच्या आसपास दगडातली पानं गोळा करत होते. त्यात जिभेच्या आकाराचं ग्लॉसोप्टेरिस होतं, आणि तेच पान ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेतही सापडत होतं. या थरांना भूशास्त्रज्ञ मेडलिकॉटनं १८७२ मध्ये गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवन’ हे नाव दिलं. भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूसनं तेच उचलून दक्षिणेच्या जुन्या महाखंडाला ‘गोंडवनलँड’ म्हटलं. पण झ्यूसच्या मते खंड हललेच नव्हते; मधली जमीन समुद्रात बुडाली होती.

वेगेनर भूशास्त्रज्ञ नव्हता, हवामानशास्त्रज्ञ होता. १९०६ मध्ये भावाबरोबर ५२ तासांहून जास्त वेळ बलूनमध्ये राहून त्यानं विक्रम केला होता. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्टला त्यानं आपली कल्पना मांडली आणि १९१५ मध्ये, महायुद्धात जखमी होऊन रजेवर असताना, पुस्तक काढलं. त्याचा सगळ्यात पक्का मुद्दा शाळेत कुणी सांगत नाही. खंडांचा खडक हलका, समुद्रतळाचा जड. मग हलकी जमीन जड तळात बुडणार कशी? पाटाचं फळकूट विहिरीत बुडत नाही, तसंच हे. बुडणं शक्य नाही, म्हणजे सरकणंच उरलं. किनाऱ्यांच्या साम्याबद्दल उपमा त्यानंच दिली : फाटलेल्या वर्तमानपत्राच्या कडा जुळतात एवढंच नाही, छापलेल्या ओळीही जुळतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे उरलेले सोबती मेले ते याच १९१२ सालच्या मार्चमध्ये. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड निघाले, आणि त्यात ग्लॉसोप्टेरिस होतं. शेवटपर्यंत त्यांनी ते ओझं टाकलं नव्हतं.

तरीही वेगेनरला हसणारेच जास्त होते. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला तेल-भूशास्त्रज्ञांनी या विषयावर परिषद भरवली, तिथं त्याच्यावर चांगलाच भडिमार झाला. बाहेरचा माणूस येऊन आम्हाला शिकवतो, हा राग त्यात होताच. पण टीकाकारांना सरसकट आडमुठं ठरवणं मला पटत नाही. खंड ढकलतं कोण, या प्रश्नाला वेगेनरकडे धड उत्तर नव्हतं. पृथ्वीच्या फिरण्यातून आणि भरती-ओहोटीतून येणारी जी बलं त्यानं सांगितली, ती फारच दुबळी आहेत हे भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रीजनं गणितानं दाखवलं. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतं असे आकडेही वेगेनरनं दिले होते. खंड प्रत्यक्षात सरकतात ते वर्षाला काही सेंटिमीटर, साधारण नख वाढावं तसे. पन्नाशी नुकतीच पूर्ण झालेली असताना, नोव्हेंबर १९३० मध्ये, ग्रीनलंडच्याच बर्फात तो गेला.

भूशास्त्रज्ञ आर्थर होम्सनं त्या सुमारास उत्तराची दिशा दाखवली होती. पृथ्वीच्या पोटातला खडक घन असला तरी उष्णतेनं अतिशय सावकाश वर-खाली फिरतो, आणि खंड त्यावरून वाहून नेले जातात. दक्षिण आफ्रिकेत भूशास्त्रज्ञ द्यु तॉइत, आपल्याकडे वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी, असे मोजके लोक वेगेनरच्या बाजूनं लिहीत राहिले. बाकी सामसूम.

कोंडी फुटली ती चुंबकामुळं, आणि इथं आपला काळा दगड, म्हणजे निवलेला लाव्हा, येतो. लाव्हा निवताना त्यातले मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनं चुंबकित होतात आणि दगड झाल्यावर ती दिशा तशीच राहते. होकायंत्राची सुई फक्त उत्तर दाखवते असं आपण समजतो. तीच सुई उभ्या पातळीत मोकळी टांगली तर कोल्हापुरात तिचं उत्तरेचं टोक थोडं खाली झुकेल. विषुववृत्तापाशी ती आडवी राहील, दक्षिण गोलार्धात टोक वर जाईल. म्हणजे झुकावावरून अक्षांश निघतो. अभ्यासक कातळाला इंचभर रुंदीचं भोक पाडतात, बोटाएवढी नळी काढण्याआधी तिच्यावर दिशेची खूण करतात, आणि प्रयोगशाळेत आतली दिशा मोजतात.

केंब्रिजमधला विद्यार्थी एडवर्ड अर्व्हिंग यानं १९५१ मध्ये भारतातून दख्खनच्या कातळाचे मोजके नमुने मागवले. या दगडांतला झुकाव सांगत होता की लाव्हा दक्षिण गोलार्धात निवलाय. आजच्या हिशेबानं ही गोष्ट ६.६ कोटी वर्षांपूर्वीची, साधारण ३० दक्षिण अक्षांशाच्या आसपासची. कोल्हापूर आज १६.७ उत्तरेला आहे. पुढं लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनंही दख्खनचा कातळ तपासला. अर्व्हिंगला मात्र १९५४ मध्ये परीक्षकांनी डॉक्टरेट नाकारली. विषय इतका नवा होता की त्यांना तो कळला नाही. दख्खनच्या लाव्हाचे जे गट पाडलेत, त्यात वरच्या एका गटाचं नावच ‘पन्हाळा’ आहे, हे इथं सांगायचा मोह आवरत नाही.

दुसरा धक्का समुद्रतळातून आला. समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्पनं अटलांटिकच्या मधोमध डोंगररांगेत खचदरी रेखाटली, तेव्हा तिच्या सहकाऱ्यानं ती ‘पोरीबाळींच्या गप्पा’ म्हणून उडवून लावली होती. भूशास्त्रज्ञ हॅरी हेसनं १९६२ मध्ये अशा रांगांपाशी नवा तळ तयार होतो असं मांडलं. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी त्याचा पुरावा दिला : पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मधूनमधून उलटतं, म्हणून नव्यानं तयार होत गेलेल्या तळावर सुलट्या-उलट्या चुंबकीय दिशेचे पट्टे असतात. त्यांची मोजणी अटलांटिकातली नव्हतीच. ती कार्ल्सबर्ग या समुद्रातल्या डोंगररांगेवरची होती, म्हणजे आपल्या अरबी समुद्रापलीकडची.

१९६७-६८ मध्ये भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीचं कवच सरकणाऱ्या मोठ्या तुकड्यांचं आहे असं सांगणारा, सिद्धांत उभा राहिला आणि वेगेनर पाठ्यपुस्तकात गेला. त्याच १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आणि कोल्हापूरची माणसं अंथरुणातून रस्त्यावर आली. भूकंप भूपट्टांच्या कडेला होतात असं नवं शास्त्र सांगत असताना हा मात्र भूपट्टाच्या पोटात झाला होता. धरणाच्या पाण्यावर बोट गेलं, आणि तो अभ्यास आजही चालूच आहे.

राहता राहिला वहीतला प्रश्न. भारताचा तुकडा लावायचा तर पश्चिम किनारा मादागास्करला आणि पूर्व किनारा अंटार्क्टिकाला. फक्त त्यात कोल्हापूरचा काळा दगड रंगवायचा नाही. मादागास्कर सुटून दोन कोटींहून जास्त वर्षं झाल्यावर तो लाव्हा वाहिला. तोवर भारत एकटाच उत्तरेच्या वाटेला लागला होता.