ब्रेकमध्ये सांडलेला कटिंग

मागच्या आठवड्यात एक येडेपणा केला. सायकलनं ऑफिसला जाताना रस्त्यात किती वेळा पाय खाली टेकतो ते मोजलं. नाशिकात पाथर्डी फाट्यावरून निघायचं, लेखानगर, मग सिडकोतून त्रिमूर्ती चौक, तिथून आयटीआय सिग्नल आणि पुढं सातपूर एमआयडीसी, सगळं मिळून साधारण ८ किलोमीटर. १७ वेळा टेकला. त्यात सिग्नल थोडेच, बाकी म्हणजे रिक्षा मध्येच थांबली, स्कूलबसचं दार उघडलं, हातगाडीला वळसा घालायला जागाच नव्हती, एक आजी हात दाखवून रस्ता ओलांडायला लागल्या (आजींनी हात दाखवला की सगळ्यांनी थांबायचं, हा नियम कुठं लिहिलेला नाही पण तेवढा एकच पाळला जातो).

रविवारी सकाळी सहाला तोच रस्ता, तीच सायकल, आणि पाय टेकला ४ वेळा. घरी आलो तेव्हा पाय एकदम ताजे. एरवी ऑफिसचा जिना चढताना मांड्या भरून येतात. अंतर तेच, चढ तोच, माणूसही तोच, मग ताकद गेली कुठं? शाळेतलं फिजिक्स काढून बसलो.

मी ७० किलो, सायकल १५, बॅग आणि डबा धरून अजून ५. म्हणजे ९० किलोचा ऐवज ताशी २० किलोमीटरनं चाललाय. या चालत्या ऐवजात गतीची ऊर्जा असते, वजनाचं अर्धं गुणिले वेगाचा वर्ग, ती येते साधारण १४०० ज्यूल. ब्रेक मारला की ही सगळी रिमवर घासून उष्णता होऊन जाते. १४०० ज्यूल म्हणजे किती ते डोळ्यासमोर येत नाही, म्हणून असं बघा, एक चमचा म्हणजे ५ मिली पाणी नळाच्या थंडपणापासून चहाइतकं कडक गरम करायला तेवढीच ऊर्जा लागते. एक ब्रेक, एक चमचा. माझे १७ च्या १७ थांबे काही फुल स्पीडवरून नव्हते, काही वेळा तर आधीच रांगत होतो, त्यामुळं १२ धरू. १२ चमचे म्हणजे ६० मिली, म्हणजे टपरीवरचा एक कटिंग. रोज जाताना एक कटिंग ब्रेकच्या रबरात ओततो आणि येताना दुसरा.

आता हाच हिशोब अंतरात करू. सपाट रस्त्यावर २० च्या स्पीडला सायकलला मागं खेचणाऱ्या गोष्टी दोनच, टायरचं घर्षण आणि हवा. ताठ बसून चालवणाऱ्या माणसाला दोन्ही मिळून अंदाजे १७ न्यूटनचा विरोध होतो, म्हणजे पावणेदोन किलोचं वजन दोरीला बांधून उचलायला जेवढा जोर लागतो तेवढा. १४०० ला १७ नं भागलं की ८० मीटर आले. म्हणजे एकदा थांबून परत २० ला पोचण्यात जेवढी ऊर्जा जाते तेवढ्यात तुम्ही ८० मीटर आरामात पुढं गेला असता. १२ थांब्यांचे झाले जवळजवळ १ किलोमीटर. माझा ८ किलोमीटरचा रस्ता शरीराच्या वहीत ९ म्हणून लिहिला जातो.

इथं मी थोडा हिरमुसलो, खरं सांगतो. कारण एक किलोमीटर जास्त म्हणजे काही मांड्या भरून येण्याइतकं नाही. मग लक्षात आलं की आपण एकूण खर्च बघतोय, तो एका वेळी किती होतो ते बघितलंच नाही. २० च्या स्पीडनं नुसतं चालत राहायला ९५ वॉटच्या आसपास लागतात. पण सिग्नल सुटला, मागून बस हॉर्न मारतेय, आणि तुम्ही ६ सेकंदांत शून्यावरून २० ला गेलात तर तेवढ्यापुरते अडीचशे वॉटच्या वर लागतात. आपल्या स्नायूंमध्ये दोन प्रकारचे तंतू असतात, एक हळू पण दिवसभर राबणारे, दुसरे फटकन जोर देणारे आणि तितक्याच फटकन दमणारे. संथ पायडल मारताना पहिलेच काम करतात. सिग्नलवरून सुटताना दुसऱ्यांना बोलवावं लागतं, ते साठवलेली साखर भसाभसा खर्चतात. १७ वेळा बोलावलं की ते दमणारच.

यावर सगळ्यात स्वस्त इलाज गिअर आहे आणि तोच लोक वापरत नाहीत. थांबायच्या आधी, चाक फिरत असतानाच, गिअर हलका करायचा. थांबल्यावर नाही, कारण आपल्या साध्या गिअरच्या सायकलला चेन फिरत असेल तरच ती एका चकतीवरून दुसरीवर जाते, उभ्या उभ्या खटके ओढलेत तर पहिल्याच पायडलला कडकड आवाज येतो आणि चेन पडते. मी बिनगिअरची चालवायचो तेव्हा सीटवरून उठून, सगळं वजन एका पायडलवर टाकून सुटायचो, गुडघ्याला ते बरंच महागात पडायचं.

दुसरा इलाज म्हणजे थांबायचंच नाही. सिग्नल तोडायला सांगत नाहीये. लांबून लाल दिसला की पायडल सोडून द्यायचं आणि हळूहळू जायचं, तोवर बऱ्याचदा हिरवा होतो. ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते ना, म्हणून स्पीड २० वरून १० ला आला तर पाव ऊर्जा उरते, पण १४ ला राखला तर अर्धी. त्या चारचं मोल मोठं आहे! मागचा टू-व्हीलरवाला हॉर्न मारतो, मारू दे, त्याच्या कामाला पेट्रोल आहे.

हा हिशोब बाहेर लोकांनी कायद्यात आणि सिग्नलच्या टायमरमध्येही घातलाय. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १९८२ पासून सायकलवाल्याला ‘स्टॉप’च्या पाटीला पूर्ण थांबायची सक्ती नाही, हळू करून, बघून जाता येतं. कोपनहेगनमध्ये नॉरेब्रो भागातल्या एका मोठ्या रस्त्यावर सिग्नल असे लावलेत की २० च्या स्पीडनं सायकल चालवली तर ओळीनं हिरवे मिळत जातात. आपल्याकडं आयडाहोवालं कुणी करू नका, मागून कंटेनर येत असतो. पण कोपनहेगनवालं त्रिमूर्ती ते सातपूर करून बघायला काय हरकत आहे असं मला दर सोमवारी वाटतं.

हवेचं काय, असं कुणी विचारेल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनानं, म्हणून ताशी ३० ला जायचं तर त्याच सायकलवर ९५ चे थेट २५० वॉट होतात. लांब पल्ल्याच्या लोकांचं सगळं डोकं तिथं चालतं, ते हँडलवर वाकून बसतात. आपल्या नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रॅम रेस दोघांच्या टीमनं पूर्ण करून आले, जवळपास ४८०० किलोमीटर, तिथं हा वाराच मुख्य वैरी. सिडकोत १५-१८ च्या स्पीडला वाकून बसलात तर फक्त मान दुखेल. (एक गंमत, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळं इथली हवा मुंबईपेक्षा ५-६ टक्के विरळ, तेवढी सूट आपल्याला फुकट.)

टायरचं मात्र फुकट नाही, तिथं मी स्वतः गाढवपणा केलाय. दोन महिने सायकल जड लागत होती, मला वाटलं वय झालं. सिडकोतल्या पंक्चरवाल्या काकांकडं नेली तर त्यांनी मागचं टायर अंगठ्यानं दाबलं, अंगठा खाली रिमला लागेपर्यंत गेला, आणि म्हणाले, “सायकल चालवतोय का कणीक मळतोय?” त्याहून नेमकं कुणी सांगणार नाही. हवा कमी असली की चाकाचा जो भाग जमिनीला लागतो तो दर फेरीला चेपतो आणि परत फुगतो, रबर दाबताना घातलेला सगळा जोर फुगताना परत मिळत नाही, थोडा उष्णता होऊन रबरातच राहतो. दर फेरीला कणीक मळायची. काकांनी पंप लावला, वॉल्वला थुंकी लावून बुडबुडा येतो का बघितलं, चेनला तेल सोडलं, दहा रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी वय कमी झालं. तेव्हापासून दर रविवारी हवा मारतो. ऑफिसातला एकजण हलक्या फ्रेमची महागडी सायकल घ्या म्हणतो, ५ किलो वाचतात म्हणे. ९० मधले ५ गेले तर दर थांब्याला साडेपाच टक्के वाचतील, आणि तेवढे तर माझ्या पोटावरून काढले तरी वाचतात.

थांबण्याची अजून एक भानगड म्हणजे थांबायच्या जस्ट आधीचं डुगडुगणं. सायकल उभी कशी राहते याचं शाळेतलं उत्तर म्हणजे फिरतं चाक भोवऱ्यासारखं काम करतं. डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७० मध्ये उलटं फिरणारं जादा चाक लावून तो भोवऱ्याचा परिणाम मारून टाकला, तरी सायकल चालवता आली. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी तर भोवराही नाही आणि पुढचं चाक हँडलच्या दांड्याच्या रेषेच्या जरा मागं टेकतं ती नेहमीची ठेवणही नाही अशी सायकल बनवली, ती ढकलून सोडली की आपली आपण तोल सांभाळत जायची. मुद्दा एवढाच की सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल वळलं की चाकं परत वजनाच्या खाली येतात. वेगात असताना हे केसाएवढ्या वळणानं होतं, आपल्याला कळतही नाही. वेग कमी झाला की तेवढ्याच कलण्याला हँडल भरपूर फिरवावं लागतं, म्हणून सिग्नलजवळ येताना सायकल नागमोडी जाते. रिक्षावाले म्हणतात “नीट चालव ना”, अहो दादा नीटच चालवतोय, तुम्ही फूटभर जागा सोडा.

घामाचंही तेच. पायडलपर्यंत ९५ वॉट पोचवायला शरीर चार-पाचपट ऊर्जा जाळतं, उरलेले ३०० च्या वर वॉट नुसती उष्णता, म्हणजे जुने पिवळे ६० वॉटचे पाच बल्ब अंगात लावल्यासारखं. अर्ध्या तासाची ही उष्णता घामानं काढायची तर ग्लासभर पाणी वाळावं लागतं. चालत असताना स्वतःच्याच वेगाचा वारा ते वाळवतो, त्यामुळं घाम येतोय हे कळतच नाही. थांबलात की पंखा बंद, बल्ब मात्र अजून चालू, आणि शर्ट पाठीला चिकटतो. म्हणून शेवटचं अर्धा किलोमीटर मी मुद्दाम रेंगाळत जातो, वारा चालू ठेवून बल्ब विझवत. उन्हाळ्यात आपली हवा कोरडी असल्यानं हे जमतं, पावसाळ्यात जमत नाही, दुसरा शर्ट बॅगेत ठेवा.

धुराबद्दल घरून रोज ऐकतो. सायकलवर श्वास बसल्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट चालतो हे खरं, आणि थंडीत आपल्याकडं सकाळी जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार असं झाकण बसतं, निफाडचा पारा बातमीत येतो त्या दिवसांत तर धूर वर जातच नाही. पण केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये गणित मांडलं होतं, त्यात दिल्लीसारख्या हवेतही आठवड्याला ५ तासांच्या वर सायकल चालवली तरच तोटा फायद्यापेक्षा मोठा होतो असं निघालं. माझे आठवड्याला साडेपाच-सहा तास होतात आणि हवा दिल्लीची नाही, हे आईला सांगितलं, तिनं तरी रुमाल दिला. साध्या रुमालानं बारीक कण अडत नाहीत, पण बांधतो. खरा फरक पडतो बसच्या सायलेन्सरमागून बाजूला सरकल्यावर, आणि मेन रोड सोडून आतल्या गल्लीनं गेल्यावर.

मीही आता त्रिमूर्ती चौकाच्या आधी गल्लीत शिरतो. अंतर ३०० मीटर वाढतं, वरच्या हिशोबानं चार थांबे वाचले तर वसूल. काल ११ झाले. त्यातला एक, गल्लीच्या तोंडाशी कुत्रं आडवं झोपलं होतं म्हणून, तो मी धरत नाही.