सीडी प्लेअर ‘मोड’ करून घेण्याआधी

गणपती महिन्यावर आले की आमच्या दुरुस्तीच्या दुकानात एकच प्रश्न सुरू होतो : “ऑपअँप बदलून द्याल का? आवाज खुलतो म्हणतात.” ऑपअँप म्हणजे प्लेअरमधला आवाजाचा सिग्नल हाताळणारा छोटा आयसी, म्हणजे चिप. काही चाकरमानी तर कुणाकडून तरी ‘मोड’ करून, म्हणजे आवाज सुधारावा म्हणून आतले भाग बदलून घेतलेला प्लेअरच मुंबईहून उचलून आणतात, आरत्या आणि भजनांच्या सीड्या लावायला. दर वेळी काउंटरवर उभं राहून तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

प्लेअर धडधाकट असेल तर भाग बदलून कानाला कळेल असा फरक सहसा पडत नाही. बिघडलेला असेल तर पडतो, पण त्याला आम्ही दुरुस्ती म्हणतो.

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा. १९८२ साली पहिले प्लेअर बाजारात आले तेव्हापासून हे तसंच आहे. ओरखड्यामुळे काही आकडे हुकले तरी ते परत जुळवण्याची सोय सीडीतच करून ठेवलेली असते. ती पुरली की आकडे मुळाबरहुकूम मिळतात. नाही पुरली तर प्लेअर आधी अंदाजाने भर घालतो आणि मग टकटक करतो किंवा अडकतो. ‘सगळं वाचलं, पण गोडवा कमी आला’ असं काही होत नाही. म्हणून कडेला हिरवा मार्कर फिरवूनही काही होत नाही. (एक गृहस्थ घरच्या सगळ्या सीड्या रंगवून आले होते. दिसत छान होत्या.)

राहिला पुढचा, अॅनालॉगचा भाग, म्हणजे आकड्यांचा सिग्नल झाल्यानंतरचा. बऱ्या प्लेअरची स्वतःची खरखर गाण्याच्या भर आवाजाच्या ९० डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) आणि त्याहूनही खाली असते. श्रावणात पत्र्यावर पाऊस वाजत असताना आणि डोक्यावर पंखा फिरत असताना त्या तळाशी काय बदललं ते कोणाला ऐकू येणार?

मग पैसे घातल्यावर फरक वाटतो तो कशाने? बऱ्याचदा मोडनंतर आउटपुट किंचित वाढलेलं असतं. अर्धा डेसिबल जास्त असेल तर तो ‘मोठा’ न वाटता ‘मोकळा’ वाटतो. काही जण डिजिटल फिल्टर (नमुन्यांचा सिग्नल गुळगुळीत करणारा भाग) काढून टाकतात आणि आवाज उबदार झाला म्हणतात. फिल्टर गेल्यावर २० किलोहर्ट्झला, म्हणजे अगदी वरच्या सुरांना, सुमारे ३ डेसिबल घट होते. ट्रेबलचं बटण जरा मागे घ्या, तोच परिणाम फुकटात मिळेल.

खात्री करायची असेल तर दोन्ही प्लेअर एकाच अॅम्प्लिफायरला लावा. २०० हर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा आणि दोन्ही अगदी सारखे करा. मग बदलाबदल दुसऱ्याला करू द्या, तुम्ही पाठ फिरवून ऐका. दुकानात ही सोय आहे, पैसे घेत नाही. आतापर्यंत दोघं रागावून गेले, त्यातले एक पुढच्या आठवड्यात बेल्ट बदलायला परत आले.

ऑपअँपबद्दल आणखी एक. जुन्या ४५५८ ऑपअँपच्या जागी वेगवान आयसी बसवला आणि त्याच्या पायांशी छोटा सिरॅमिक कॅपॅसिटर दिला नाही, तर तो कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर आपला आपणच थरथरू लागतो. बोट ठेवलं तर चटका बसतो. मालक मात्र म्हणतात, “आवाजाला धार आलीय.”

आता मुख्य तक्रार. मोड केला तर केला, पण आम्हाला सांगत जा. मागच्या वर्षी एक प्लेअर आला, तक्रार ‘गाणी उडतात’. लेन्स पुसली, बेल्ट बदलला, मोटर तपासली, रुळांचं जुनं ग्रीस काढून नवं लावलं. दुपार गेली. शेवटी भिंगाने पाहिलं तर पिकअपवरच्या (लेझर आणि लेन्स असलेल्या भागावरच्या) चिमुकल्या प्रीसेटच्या, म्हणजे लेझरचा जोर ठरवणाऱ्या स्क्रूच्या, खाचेवर ताजा ओरखडा. फोन केला तेव्हा कळलं, “हां, ते एकाने लेझर जरा वाढवून दिला होता, आवाज भरतो म्हणून.” लेझरचा जोर वाढवून आवाज भरत नाही, लेझरचं आयुष्य मात्र संपतं. तो संपलाच होता. त्या मॉडेलचा पिकअप आता नवा मिळत नाही, जुना शोधायला दीड महिना गेला. ही गोष्ट आणतानाच सांगितली असती तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. म्हणून आता मोड केलेल्या प्लेअरची तपासणी फी आम्ही दुप्पट घेतो. काहींना ते खटकतं, पण दुसऱ्याने काय केलंय ते शोधण्यातच आमचा वेळ जातो. काढलेले मूळ भाग पिशवीत घालून आणलेत तर साधीच फी. आणि झाकण उघडं ठेवून प्लेअर चालू असताना लेन्समध्ये डोकावू नका. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जेमतेम दिसतो, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

खर्च करायचाच असेल तर खाऱ्या हवेने जिथे घाव घातलाय तिथे करा. अॅम्प्लिफायरची वायर लावायचे मागचे आरसीए सॉकेट हिरवे पडतात आणि एक बाजू येते-जाते. लेन्सवर बुरशी धरते. ट्रेचा बेल्ट चिकट होतो. पस्तीस वर्षांचे पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर सुकतात, मग घूं ऐकू येते. ही कामं आम्ही करतो, आधी अंदाज देतो आणि काढलेले भाग परत देतो. स्पीकरच्या कोनभोवतीची फोमची कड बोट लावताच भुगा होत असेल, तर प्लेअर घरीच ठेवा आणि स्पीकर घेऊन या. नवी कड बसल्यावरचा फरक पडवीत बसलेल्यालाही कळतो.

काम नारळी पौर्णिमेच्या आधी आणा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आणलेला प्लेअर विसर्जनानंतरच मिळेल.