शॉक बदलायचे की स्प्रिंग? पिकअप मॉडिफाय करण्याआधी हा फरक समजून घ्या

इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स पिकअप घेतली की वर्ष-दीड वर्षात सस्पेंशनचा किडा डोक्यात वळवळायला लागतोच, आणि मग दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भारीतले शॉक टाका, सामान भरलं की गाडी मागून फार बसते." आता गाडी बसते हे दुखणं शॉकचं नाहीच, ते स्प्रिंगचं आहे, तुम्ही कितीही महागाचे शॉक टाका, सामान भरलं की गाडी तेवढीच बसणार. उलटं पण रोज बघायला मिळतं, गाडी खड्ड्यातून गेली की दोन-तीन हेलकावे खाते म्हणून लोक मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटा टाकून घेतात, आणि मग रिकाम्या गाडीत मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या कंबरेची वाट लागते, हेलकावे आहेत तिथेच.

तर आधी कोण काय करतं ते बघू. स्प्रिंग, मग ती पुढची कॉइल असो की मागचे पाटे, गाडीचं वजन पेलते. गाडी किती उंचीवर उभी राहणार आणि २०० किलो टाकले तर किती दबणार हे स्प्रिंग ठरवते. शॉक वजन पेलत नाही. त्याच्या आत तेल असतं, पिस्टनला बारीक भोकं आणि पातळ चकत्यांचे व्हॉल्व असतात, चाक वर-खाली झालं की तेल त्यातून ढकललं जातं आणि चाक जितक्या वेगात हलेल तितका शॉक जास्त अडवतो. गाडी उभी असली की वेगच नाही, मग अडवणंही नाही. झोपाळ्याला एकदा झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो ना, स्प्रिंग म्हणजे तो झोपाळा आणि शॉक म्हणजे त्याला धरून थांबवणारा हात. हलण्यातली सगळी ताकद तेलात उष्णता होऊन जाते, म्हणून खराब रस्त्यावरून तासभर गाडी दामटली की शॉकच्या नळीला हात लावून बघा, चांगलीच तापलेली असते.

गोंधळ का होतो तेही सांगतो. या दोन्ही गाड्यांना पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे चाकाला धरणारे वर-खाली दोन आर्म, आणि त्यात शॉकच्या भोवतीच कॉइल स्प्रिंग बसवलेली असते, सगळा एकच नग बाहेर निघतो, त्यामुळे मेकॅनिकपासून मालकापर्यंत सगळे त्या अख्ख्या नगालाच शॉक म्हणतात आणि तो बदलल्यावर गाडी उचलली की श्रेय शॉकला मिळतं. मागे मात्र पाटे वेगळे आणि शॉक वेगळे, तिथे फरक डोळ्यांना दिसतो. दुसरं म्हणजे गॅसवाले शॉक, त्यात नायट्रोजन प्रेशरने भरलेला असतो, तो दांडा थोडा बाहेर ढकलत राहतो आणि गाडी किंचित वर आल्यासारखी वाटते. पण तो गॅस उंचीसाठी नसतोच, तापलेल्या तेलाला फेस येऊ नये म्हणून असतो, कारण फेस आला की शॉक पोकळ चालायला लागतो आणि घाटात नेमका नको त्या वेळी हात सोडतो.

आता तुमच्या गाडीचं दुखणं कुठलं ते ओळखायचं कसं. चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावा, चारही चाकांना, आणि आकडे लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमीजास्त असेल तर ते माप फसवतं. एक बाजू दुसरीपेक्षा खाली असेल, किंवा पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) लावल्यापासून नाक खाली गेलं असेल, किंवा मागचे पाटे रिकाम्या गाडीतच सपाट दिसत असतील तर विषय स्प्रिंगचा. उंची बरोबर आहे पण स्पीडब्रेकरनंतर गाडी डुलत राहते, एक्सप्रेसवेवर लेन बदलताना बॉडी मागाहून येतेय असं वाटतं, ब्रेक मारला की नाक खुपसते, टायरला हात फिरवला तर जागोजागी खोलगट चट्टे लागतात, तर शॉक संपलेत. खाली वाकून शॉकची नळी बघा, नुसती धूळ असेल तर ठीक, पण ओलसर तेलावर चिखल चिकटून काळी पुटं चढली असतील तर सील गेलंय, त्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि यातलं काहीच नसून फक्त रिकामी गाडी आदळते एवढीच तक्रार असेल तर आधी टायरची हवा तपासा, लोडसाठी भरलेली हवा तशीच ठेवून रिकामी गाडी पळवणारे खूप आहेत, मागचे पाटे वजनासाठीच बनवलेले असतात त्यात दगडासारखे टायर, मग आदळणार नाही तर काय. या तपासणीला एक रुपयाही लागत नाही आणि कित्येकांचं काम इथेच संपतं.

स्प्रिंग बदलायची ठरली की प्रश्न येतो किती कडक घ्यायची, आणि इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात असं माझं मत. ओल्ड मॅन इमूसारख्या ऑस्ट्रेलियन कंपन्या एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या वजनाच्या स्प्रिंग देतात, पुढे साधा बंपर असेल तर एक, लोखंडी बंपर असेल तर दुसरी, वर विंच असेल तर तिसरी, मागे कायम किती किलो राहणार त्याप्रमाणे पाटे वेगळे. तर दुकानात "हेवी ड्यूटी द्या" म्हणू नका, वजन सांगा, आणि ते गाडीत कायम असणारं सांगा. दिवाळीला एकदा गावाकडे भरून नेता ते मोजू नका. महिन्यातले बहुतेक दिवस गाडी रिकामीच ऑफिसला जाते आणि मागे ३०० किलो वजनासाठीचे पाटे टाकलेत तर मागचं चाक खडबडीत रस्त्याला धरून बसत नाही, उड्या मारतं, पावसात वळणावर मागचा भाग सटकतो. शेतमालाची रोज ने-आण असेल तर तेच पाटे योग्य. आणि जादा पाटा टाकला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही, हे कृपया लक्षात ठेवा, गाडी बसत नाही एवढंच, अ‍ॅक्सल, ब्रेक, चेसिस, टायर सगळे जुन्याच वजनाचे आहेत.

मग स्प्रिंग बदलली तर शॉकही बदलायचे का? बहुतेक वेळा हो. कडक स्प्रिंग दबली की परत उसळी जोरात मारते, आणि कंपनीचा शॉक जुन्या स्प्रिंगच्या हिशोबाचा असतो, त्याला ती उसळी आवरत नाही. उलट मऊ स्प्रिंगवर फार कडक शॉक टाकला तर सलग खड्ड्यांत चाक एकदा वर गेलं की पुढच्या खड्ड्याच्या आत खाली यायलाच वेळ मिळत नाही, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी स्टॉपरवर आपटते. म्हणून किट घेताना दोन्ही एकमेकांच्या मापाचे घेतात. मात्र उंची ठीक आहे आणि शॉकच संपलेत तर नुसते शॉक बदला, स्प्रिंगला हात लावायचं कारण नाही. जोडी मात्र पूर्ण बदलायची, डावा नवा आणि उजवा जुना असं चालवू नका.

पुढचं नाक उचलण्यासाठी एक स्वस्त मार्ग विकला जातो तो म्हणजे स्पेसर, शॉकच्या नगावर जाड चकती ठेवायची. दिसायला गाडी उचललेली दिसते पण स्प्रिंग तीच, वजन पेलायची ताकद तीच. शॉक खालच्या आर्मला मधेच कुठेतरी बसतो त्यामुळे इंचभराची चकती चाकापाशी दीड ते दोन इंच उचलते, आणि चाक लटकलं की आधीपेक्षा तेवढंच जास्त खाली जातं, त्यामुळे वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि फोर बाय फोरमध्ये चाकाला ताकद पोचवणारा सीव्ही जॉइंट त्यांच्या टोकाच्या कोनाला जातात. जड बंपरमुळे बसलेलं नाक उचलायला स्पेसर वापरणं मला अजिबात पटत नाही, वजन वाढलंय तर वजनाची स्प्रिंग घ्या.

स्टिअरिंगचा विषय इथूनच सुरू होतो. नाक उचललं की टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा) कोन बदलतो, टो (वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळलेली) बदलतो, कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) बदलतो आणि कॅस्टर (बाजूने बघता, चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल) सहसा कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वळण घेतल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, हायवेवर गाडी भरकटते, सतत दुरुस्त करत बसावं लागतं. दोन इंचांच्या आसपास मूळ अ‍ॅडजस्टमेंटमध्ये सहसा जमून जातं, त्यापुढे वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागतात, तो खर्च किटच्या किमतीत कोणी सांगत नाही, तुम्ही विचारा. अलाइनमेंट न करता गाडी बाहेर काढली तर टायर आतून खायला लागतो आणि कळेपर्यंत तार दिसायला लागलेली असते.

आणि स्टिअरिंग डँपर. हा पण एक छोटा शॉकच, पण आडवा, स्टिअरिंगच्या दांड्यांना जोडलेला, खड्ड्याचा झटका हातापर्यंत येऊ नये म्हणून. पुढे सलग अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांत त्याला अर्थ आहे. व्ही-क्रॉस आणि हायलक्सला रॅक अँड पिनियन (दातेरी दांडा आणि छोटं दातेरी चाक) स्टिअरिंग आहे, तिथे स्टिअरिंग थरथरतंय म्हणून डँपर शोधण्याऐवजी टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, आर्मचे बुश (जोडातली रबरं) आणि चाकांचं बॅलन्सिंग बघा. ज्यांना डँपर आहे त्यांनीही ढिल्या जॉइंटवर नवा डँपर टाकून थरथर दाबू नये, ती काही दिवस लपते आणि जॉइंट तोपर्यंत अजून झिजतो.

आणखी एक भाग सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसिसपर्यंत एक बारीक सळई गेलेली असते, तिच्या वरच्या टोकाला ब्रेकचा व्हॉल्व असतो. गाडी भरून खाली बसली की सळई वर ढकलली जाते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं, गाडी रिकामी असेल तर कमी. आता मागून दोन इंच उचललीत आणि ही सळई तशीच ठेवलीत तर व्हॉल्वला गाडी कायम रिकामीच वाटणार, आणि पूर्ण भरलेली गाडी घेऊन घाट उतरताना मागचे ब्रेक कमी लागणार. फिटरला विचारा, सळई सेट केली का, तिचा ब्रॅकेट वर घेतला का. हेडलाइटही तपासून घ्या, नाक वर गेलं की समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

फिटिंगच्या वेळी स्वतः थांबा. आर्मच्या आणि शॅकलच्या (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा दुवा) बुशचे बोल्ट गाडी जॅकवर, चाकं लटकत असताना शेवटचे आवळायचे नसतात. गाडी चाकांवर उभी करायची आणि मग फायनल टॉर्क द्यायचा, म्हणजे ठरलेल्या जोराने शेवटचं आवळायचं, नाहीतर गाडी खाली आली की रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटून कुईंकुईं करायला लागतं. घाईत हेच टाळलं जातं, आणि मग किट बोगस निघालं म्हणून ओरड होते. मागचे पाटे बांधणारे यू बोल्ट नवे घ्या, एकदा ताणलेले परत वापरू नका, आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा आवळून अलाइनमेंट परत तपासा, नव्या स्प्रिंग थोड्या बसतात.

कायद्याचं पण बघून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. मूळ उंचीचे चांगले शॉक टाकणं आणि चार इंच लिफ्ट करणं यात इथे जमीन-अस्मानाचा फरक पडतो, इन्शुरन्सच्या क्लेमलाही पडतो. काढलेल्या जुन्या स्प्रिंग आणि शॉक भंगारात देऊ नका, डावं-उजवं लिहून गोणीत बांधून ठेवा, गाडी विकताना किंवा मूळ अवस्थेत आणायची वेळ आली तर तेच लागतील.