डोक माशाची साडेसोळा हजार अक्षरं

मृगाचे पहिले चार पाऊस दणकून झाले की कोकणात पऱ्या-व्हाळांचे मासे प्रवाहाविरुद्ध वर सरकू लागतात. चढणीच्या माशांचे हे दिवस. याच सुमारास भाताच्या खाचरात किंवा बांधाच्या बिळात एक काळपट, सापतोंड्या मासाही हाती लागतो. वीतभर लांबी, पाठीवरच्या पराला नारिंगी कड आणि छातीजवळच्या परांवर गडद पट्टे. मरळीचाच हा धाकटा भाऊबंद. गावागणिक त्याला डोक, ढोक, डाकू अशी नावं आहेत. हवेतला प्राणवायू घेता येत असल्यामुळे तो ओल्या गवतातून सरपटत एका खाचरातून दुसऱ्यात जातो आणि बादलीतही तासन् तास तग धरतो.

पुस्तकात त्याचं नाव चन्ना गाचुआ. हे नाव हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात दिलं आणि त्यांच्यासमोर मासा होता बंगालचा. पुढे भारतभर आणि थेट आग्नेय आशियापर्यंत अशा दिसणाऱ्या माशांना हेच नाव चिकटत गेलं. आता अभ्यासकांना दाट संशय आहे की या एका नावाखाली अनेक जाती दडल्या आहेत. कोकणातला डोक त्यातला नेमका कोण, याचा माग काढायचा एक चांगला मार्ग म्हणजे त्याच्या मायटोकॉन्ड्रियाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्यातला सगळा डीएनए, वाचणं.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणाकडे स्वतःचा वेगळा डीएनए असतो. तो लहान असतो आणि त्याची दोन्ही टोकं जोडलेली असतात, बांगडीसारखी. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांची माळ. माणसात त्याची १६,५६९ अक्षरं आहेत आणि ती १९८१ मध्येच पूर्ण वाचली गेली. माशांतही आकडा साधारण साडेसोळा हजारांच्या आसपास असतो. त्यात ३७ जनुकं असतात: प्रथिनांची १३, ट्रान्सफर आरएनएची २२ आणि रायबोसोमच्या आरएनएची २. उरतो तो ‘नियंत्रण पट्टा’. तिथे जनुक नसतं, पण डोकेदुखी सगळ्यात जास्त तिथेच असते. केंद्रकातल्या डीएनएच्या दोनच प्रती पेशीत असतात, मायटोकॉन्ड्रियाच्या मात्र शेकडो ते हजारो. त्यामुळे जुन्या, थोड्याशा किंवा जरा खराब झालेल्या नमुन्यातूनही तो हाती लागतो. शिवाय तो फक्त आईकडून येतो, म्हणून वंशावळ सरळ रेषेत मागे नेता येते.

वाचन यंत्रं आता इतकी स्वस्त आणि वेगवान झाली आहेत की अक्षरं वाचणं हा या कामातला सोपा भाग ठरतो. काम बिघडतं ते त्याच्या बरंच आधी, व्हाळाच्या काठावर.

मासा मारावा लागत नाही. शेपटीच्या पराचा तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा तुकडा, म्हणजे २० ते २५ मिलिग्रॅम, पुरतो. पर पुन्हा वाढतो. नराचा घसा फुगलेला दिसला तर त्याला हात न लावता सोडून द्यावं, कारण डोकचा नर अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतो आणि घाबरला की ती ओकून टाकतो. तुकडा ९५ टक्क्यांहून कडक अल्कोहोलमध्ये टाकायचा, तुकड्याच्या निदान दहापट द्रावणात. मांसातलं पाणी सुटून अल्कोहोल पातळ होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदलायचं. हे बदलणं राहून गेलं की महिनाभरात डीएनएचा भुगा होतो. फॉर्मॅलिन तर अजिबात नको. ते मासा छान टिकवतं, पण डीएनए आणि प्रथिनं एकमेकांना जखडून टाकतं आणि मग त्यातून लांब धागा सुटत नाही. दोन माशांच्या मध्ये कात्री ब्लीचमध्ये बुडवून, धुऊन, ज्योतीवर धरून घ्यावी. नळीत घालायची चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. कोरी चिठ्ठी तरंगणारी नळी म्हणजे वाया गेलेला नमुना.

तरीही प्रत्येक ठिकाणचा निदान एक मासा पूर्ण जपावा लागतो. जिवंतपणी त्याच्या रंगाचा फोटो घ्यायचा, आधी पराचा तुकडा कापायचा, मग तो मासा फॉर्मॅलिनमध्ये आणि पुढे ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून संग्रहालयात क्रमांकासह जमा करायचा. उद्या कुणी विचारलं, हा जीनोम नक्की कोणाचा, तर बाटली पुढे करता आली पाहिजे. नमुने गोळा करण्याआधी जैवविविधता मंडळाचे नियम पाहणं आणि संरक्षित जागेत वनखात्याची लेखी परवानगी घेणं हे ओघाने आलंच. आंबोलीच्या हिरण्यकेशीचं उदाहरण घ्या. तिथल्या चिमुकल्या शिस्टुरा हिरण्यकेशी माशाची नोंद २०२० मध्ये झाली आणि २०२१ मध्ये ती २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाली. तिथे जाळं घेऊन उतरायचं नसतं.

प्रयोगशाळेत पहिलं काम म्हणजे तुकड्यातलं अल्कोहोल टिपकागदावर पूर्ण उडू देणं. ते राहिलं तर पुढची विकरं नीट चालत नाहीत. मग तुकडा बारीक चिरून पेशी फोडणाऱ्या द्रावणात घालायचा. त्यात मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ताकदीचं प्रोटिनेज के, म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर, २० मायक्रोलिटर टाकायचं आणि ५६ अंशांवर रात्रभर ठेवायचं. सकाळी नळीतलं द्रव स्वच्छ दिसलं पाहिजे. तंतू दिसत असतील तर आणखी विकर आणि आणखी दोन तास. डोकच्या बाबतीत खरी कटकट आहे ती बुळबुळीची. या माशाच्या अंगावर चिकट थर भरपूर असतो आणि त्यातल्या शर्करा डीएनएबरोबर खाली उतरतात. म्हणून पर कापण्याआधी तो स्वच्छ पाण्याने धुऊन पुसून घ्यावा आणि शेवटच्या अल्कोहोलच्या धुण्या एकाऐवजी दोन कराव्यात.

हाती आलेलं किती, हे दोन पद्धतींनी पाहायचं. प्रकाश शोषणाच्या यंत्रावर २६० आणि २८० नॅनोमीटरचं गुणोत्तर १.८ च्या आसपास आलं की शुद्धता ठीक समजतात, पण हे यंत्र आरएनएलाही डीएनए समजून मोजतं आणि आकडा फुगवतं. खरं प्रमाण डीएनएलाच चिकटणाऱ्या चमकत्या रंगाच्या पद्धतीने कळतं. शिवाय ०.८ टक्के ॲगरोजच्या जेलवर, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, विजेने थोडं पळवून पाहावं. वर एकच ठसठशीत पट्टा दिसला तर मस्त. खालपर्यंत धुरकट लोळ पसरला असेल तर नमुना काठावरच नासला होता.

पूर्वी पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या प्रक्रियेने, या बांगडीचे दोन मोठे तुकडे वाढवायचे आणि एका वेळी सातशे-आठशे अक्षरं वाचत, प्रत्येक वाचनासाठी नवा प्रायमर (वाचन सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) मागवत पुढे सरकायचं. महिने जायचे. आता सगळाच डीएनए तोडून ३५० अक्षरांच्या आसपासचे तुकडे करतात, टोकांना ओळखचिन्हं जोडतात आणि दोन्ही बाजूंनी दीडशे-दीडशे अक्षरं वाचून घेतात. हिशेब असा. एक कोटी जोड्या वाचल्या म्हणजे ३ अब्ज अक्षरं झाली. त्यातला अर्धा टक्का जरी मायटोकॉन्ड्रियाचा धरला तरी दीड कोटी अक्षरं. साडेसोळा हजारांनी भागा: प्रत्येक जागा सुमारे नऊशे वेळा वाचली गेली. पराच्या तुकड्यात हा वाटा पाचपटीने कमी निघाला तरी १८० वेळा, आणि तेही भरपूर. साऱ्या जीनोमवरची साय तेवढी काढून घेतल्यासारखं हे आहे. खालचं दूध तसंच राहतं.

मग वाचलेल्या तुकड्यांच्या या कोट्यवधी चिठोऱ्यांतून बांगडी जुळवायची. मायटोकॉन्ड्रियाचा एक ओळखीचा तुकडा बीज म्हणून द्यायचा आणि नोव्होप्लास्टीसारखं सॉफ्टवेअर त्याच्या टोकांशी जुळणाऱ्या चिठोऱ्या शोधत दोन्ही दिशांना वाढत जातं. इथे नवशिके हमखास एक चूक करतात. आधी सगळा डेटा कसून ‘साफ’ करतात, कमी प्रतीची टोकं छाटतात. या सॉफ्टवेअरला कच्चाच डेटा लागतो. जोडलेली कृत्रिम टोकं तेवढी काढायची, बाकी छाटलं की वाढ मध्येच अडते.

टोकं एकमेकांवर बसून वर्तुळ मिटलं म्हणजे काम झालं असं नाही. सगळ्या चिठोऱ्या परत त्या वर्तुळावर मांडून प्रत्येक जागी किती थर बसले ते पाहायचं. नऊशेच्या पठारावर एखाद्या ठिकाणी अचानक पंधरा उरले असतील तर जोड खोटी असण्याची शक्यता आहे. नियंत्रण पट्ट्यात तर एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. दीडशे अक्षरांच्या चिठोऱ्या अशा पुनरावृत्तीच्या आतच हरवतात आणि सॉफ्टवेअर दहा आवर्तनांची सहा करून मोकळं होतं. तिथे हजारो अक्षरं सलग वाचणाऱ्या नॅनोपोअरसारख्या यंत्राचा आधार घ्यावा, नाहीतर लांबीचा आकडा छातीठोकपणे छापू नये. दुसरा धोका शेजाऱ्याचा. त्याच खेपेत महसीर या दुसऱ्या माशाचा नमुना वाचला असेल तर त्याची थोडी अक्षरं डोकच्या खात्यात येऊ शकतात. तिसरा धोका नकलांचा. मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे कधीकाळी केंद्रकात जाऊन बसलेले असतात, माशांत तुलनेने कमी, पण असतात. त्या नकलांवर उत्क्रांतीचा दाब नसल्यामुळे त्यांत मध्येच थांब्याची खूण, म्हणजे ‘प्रथिन इथे संपलं’ सांगणारी तीन अक्षरं, उगवते, आणि तीच त्यांची चुगली करते.

थांब्याची खूण मोजताना मात्र तीन-तीन अक्षरांचा अर्थ सांगणारं कोष्टक बरोबर निवडा. केंद्रकाच्या भाषेत टीजीए म्हणजे ‘थांबा’, तर पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाच्या भाषेत टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. चुकीचं कोष्टक लावलं की सीओआय या सुमारे १,५५० अक्षरांच्या चांगल्या जनुकाच्याही चिंध्या दिसतात. याच जनुकाची सुरुवात माशांत बहुधा नेहमीच्या एटीजीऐवजी जीटीजीने होते. काही जनुकांच्या शेवटी तर थांब्याचा फक्त ‘टी’ असतो, उरलेले दोन ‘ए’ आरएनए तयार झाल्यावर त्याला जोडल्या जाणाऱ्या ‘ए’च्या शेपटीतून मिळतात. जनुकं इतकी खेटून बसवलेली आहेत की एटीपी८ चा शेवट आणि एटीपी६ ची सुरुवात काही अक्षरं वाटून घेतात. मुंबईच्या चाळीतल्या सामाईक भिंतीसारखंच.

कोकणासाठी ही अक्षरं विशेष बोलकी आहेत. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली या नद्या सह्याद्रीतून उतरून आपापल्या वाटेने थेट समुद्राला मिळतात. पाठीशी घाट, पुढ्यात खारं पाणी, त्यामुळे गोड्या पाण्यातल्या माशाला प्रत्येक खोरं हे बेटच. पण सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि आज बुडालेल्या उथळ किनाऱ्यावर शेजारच्या नद्या एकत्र वाहत असणं शक्य आहे. डोक तर ओल्या जमिनीवरूनही सरकतो. म्हणजे सावित्रीचा आणि कर्लीचा डोक किती वेगळा असेल याचा नकाशा पाहून अंदाज बांधता येत नाही, अक्षरंच मोजावी लागतात. सीओआयमधली साडेसहाशे अक्षरं ओळखीपुरती चालतात, पण जुनी फाटाफूट उलगडायला तेरा जनुकं एकत्र घेतलेली बरी. दोन टक्के फरक म्हणजे वेगळी जात, हा ठोकताळा फार ताणू नये. आणि संकर झाला असेल तर मायटोकॉन्ड्रिया फक्त आईची बाजू सांगतो, बापाचा त्यात पत्ताच नसतो.

पूर्ण वाचलेल्या जीनोमचा आणखी एक उपयोग. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महसीर पिढ्यान् पिढ्या राखले गेले आहेत. तिथे कुणी जाळं टाकणार नाही, टाकूही नये. मात्र लिटरभर पाणी गाळून माशांनी सोडलेला डीएनए पकडता येतो आणि १२एस या रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकाचा १७० अक्षरांच्या आसपासचा तुकडा वाचून कोण कोण तिथे राहतं हे कळतं. अट एवढीच की तुलनेला स्थानिक माशांची अक्षरं आधीच हाताशी हवीत. पाणी हिवाळ्यात घ्यावं. आषाढातलं तांबडं पाणी ०.४५ मायक्रोमीटरची गाळणी पेलाभरातच तुंबवतं, आणि कुजलेल्या पाल्याची आम्लं पीसीआर बंद पाडतात.

तुलनेसाठीच्या सार्वजनिक खजिन्यातही, जेनबँकेत, चुकीच्या नावाने ठेवलेले मासे आहेत. तिथे गाचुआ नावाशी ९९ टक्के जुळणी मिळाली तर आपला मासा गाचुआ ठरत नाही. तो फक्त दुसऱ्या कुणी गाचुआ म्हटलेल्या माशासारखा ठरतो. ते नाव मुळात बंगालच्या डबक्यांतल्या माशाचं, म्हणून कोकणातल्या डोकचं नाव पक्कं करायला तिकडच्या खात्रीच्या माशाची अक्षरंही शेजारी मांडावी लागतात.