सलाईनने ताकद येत नाही

भातलावणी उरकली की कोकणात सरकारी दवाखान्यांत मागणी सुरू होते, "सिस्टर, अंगात त्राण नाही, एक बाटली लावा." सलाईनने ताकद येते हा समज जुना आहे, आणि तो खोटा आहे.

५०० मिलीच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभरच्या आत कॅलरी. त्यापेक्षा पोटभर पेज आणि सोबत भाजलेला सुका बांगडा बरा. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलं आणि तोंडाने काहीच टिकेना, तर मात्र सलाईनची हीच बाटली जीव वाचवते.

सिस्टर नकार देते तो कामचुकारपणा नव्हे. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय सलाईन लावायचं नाही, हे तिचं कर्तव्य आहे. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर जादा पाणी फुफ्फुसात साचतं, माणसाला धाप लागते. कृपा करून तिच्याशी वाद घालू नका.

आणि लावणीनंतर ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची, शंका घ्या. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलातून तो होतो. अशा वेळी बाटली मागण्यात दिवस घालवू नका. शेतात उतरलो होतो हे डॉक्टरांना सांगा, त्याच दिवशी रक्त तपासा.