‘इयर्स ओल्ड’ की ‘इयर-ओल्ड’?

‘बारा वर्षांचा मुलगा’ आणि ‘मुलगा बारा वर्षांचा आहे’. मराठीत दोन्हीकडे ‘वर्षांचा’ जसाच्या तसा. इंग्रजीत जागा बदलली की रूप बदलतं, आणि ‘अ ट्वेल्व इयर्स ओल्ड बॉय’ ही चूक नेमकी इथून येते.

वय क्रियापदानंतर आलं तर ‘द बॉय इज ट्वेल्व इयर्स ओल्ड’: सुटे शब्द, इयरला एस. नामाच्या आधी आलं तर ‘अ ट्वेल्व-इयर-ओल्ड बॉय’: एस गेला, दोन हायफन आले. डेक्कन क्वीन 1 जून 1930 ला सुरू झाली. म्हणजे 1 जून 2030 ला ती ‘अ हंड्रेड इयर्स ओल्ड’ होईल, पण बातमीत लिहायचं ‘द हंड्रेड-इयर-ओल्ड ट्रेन’.

एस का जातो? सदाशिव पेठेत वाडा पाडून बांधलेली इमारत चार मजल्यांची असते, पण आपण तिला ‘चारमजली’ म्हणतो, ‘चारमजले इमारत’ म्हणत नाही. इंग्रजीतही तसंच: मोजमाप जोडून विशेषण केलं की अनेकवचन गळतं. ‘फाइव्ह-रुपी कॉइन’, ‘टेन-मिनिट वॉक’ त्याच साच्यातले.

हायफन मात्र लोक शोभेचा समजतात, आणि तिथे फसतात. उरुळी कांचनच्या एखाद्या नर्सरीला इंग्रजीत ऑर्डर पाठवायची आहे असं धरा. ‘ट्वेन्टी-इयर-ओल्ड मँगो ट्रीज’ म्हणजे वीस वर्षांची आंब्याची झाडं. किती, ते सांगितलेलंच नाही. पहिला हायफन गाळून ‘ट्वेन्टी इयर-ओल्ड मँगो ट्रीज’ लिहिलं की झाली एकेक वर्षाची वीस रोपं. एका आडव्या रेघेने टेम्पोचं भाडं बदलतं.

दीडचा घोळ वेगळा. आपण ‘दीड वर्षाचं बाळ’ म्हणतो, एकवचनात, अडीचपासून ‘वर्षांचं’. इंग्रजीत एकाच्या पुढे अर्धं जरी गेलं तरी एस लागतो: ‘वन अँड अ हाफ इयर्स ओल्ड’. नामाआधी ही माळ फारच लांबते, म्हणून सरळ महिन्यांत बोलावं: ‘ॲन एटीन-मंथ-ओल्ड बेबी’. इथला ‘ॲन’ बेबीकडे बघून आलेला नाही, लगेच पुढच्या ‘एटीन’च्या उच्चाराकडे बघून आलाय. एट, इलेव्हन, एटी यांनाही ‘ॲन’च.

नामच गाळलं तर एस परत येतो, पण शेवटी: ‘अ क्लास ऑफ फाइव्ह-इयर-ओल्ड्स’. ‘फाइव्ह-इयर्स-ओल्ड’ तिथेही चूक.

आणि मुलाखतीत हमखास ऐकू येणारं ‘माय एज इज ट्वेन्टी इयर्स ओल्ड’? वय वीस वर्षांचं नसतं, माणूस असतो. ‘आय ॲम ट्वेन्टी इयर्स ओल्ड’ म्हणा, किंवा नुसतं ‘आय ॲम ट्वेन्टी’. ‘आय ॲम ट्वेन्टी इयर्स’ एवढ्यावर मात्र थांबू नका. अशा वाक्यात ‘इयर्स’ म्हटलं की पुढे ‘ओल्ड’ही म्हणा.